शब्बाथची राणी आणि घरची चूल

शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की अनेक ज्यू घरांत जेवायला बसण्याआधी एक गीत म्हटलं जातं. बायबलमधल्या नीतिसूत्रे या ग्रंथाच्या शेवटी कर्तबगार स्त्रीच्या स्तुतीचे 22 श्लोक आहेत, हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमानं रचलेले, ते हे गीत. त्यातली बाई रात्र सरायच्या आत उठते आणि घरच्यांच्या खाण्यापिण्याचं बघते. लोकर आणि जवस आणते, चाती फिरवते, शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते. तिचा दिवा रात्रीही विझत नाही. नवरा वेशीपाशी वडीलधाऱ्यांत मानानं बसलेला असतो.

शब्बाथ म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा. आठवड्याच्या विश्रांतीची पहिली रात्र आणि तिच्या स्वागताला जिला झोप माहीत नाही अशा बाईचं गुणगान. कब्बाला या ज्यू गूढविद्येच्या ज्या उपासकांनी हे गीत शुक्रवारच्या पानावर आणलं, त्यांच्या मनात घरातली बायको नव्हती. त्यांच्या मनात शेखिना होती, म्हणजे जगात वास करणारं ईश्वराचं स्त्रीरूप सान्निध्य. हा खुलासा मला ठाऊक आहे आणि मान्यही आहे. पण शतकानुशतकं ते गीत ऐकत बसलेली बाई कोण होती? सकाळपासून पीठ मळून, मासे साफ करून, घर झाडूनपुसून ती नुकती कुठे टेकलेली असायची. विश्रांतीला देवीचं रूप देणारी ही परंपरा मला फार मोलाची वाटते, आणि तिची खरी कसोटी त्या बाईपाशीच लागते असं माझं ठाम मत आहे. आज साप्ताहिक सुट्टीचा प्रश्न आपल्याकडे पुन्हा ऐरणीवर आला आहे. अशा वेळी या परंपरेनं काय कमावलं आणि कुठे ती कमी पडली, हे नीट बघायला हवं.

आधी कमाई बघू. तालमूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मचर्चेच्या ग्रंथात दोन रब्बींची, म्हणजे धर्मगुरूंची, आठवण आहे. शुक्रवारची सांज झाली की रब्बी हनिना अंगावर वस्त्र पांघरून उभे राहायचे आणि म्हणायचे, चला, शब्बाथ राणीला सामोरे जाऊ. रब्बी यन्नाई चांगले कपडे घालून म्हणायचे, ये वधू, ये वधू. आठवड्यातला एक वार असा माणसासारखा, तोही स्त्रीसारखा, दारात येऊ लागला. पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या कास्तीलमध्ये 'झोहार' हा कब्बालाचा मोठा ग्रंथ आकाराला आला आणि त्यात या वधूला थेट देवत्वाच्या आत जागा मिळाली. कब्बालाच्या मांडणीत ईश्वराच्या दहा शक्ती आहेत. त्यातली शेवटची, जगाला सगळ्यात जवळची, ती शेखिना. इस्राएल, म्हणजे ज्यू लोक, जिथे जिथे हद्दपार झालं तिथे तिथे तीही हद्दपार होऊन गेली, अशी जुनी श्रद्धा होतीच. झोहारनं त्यात भर घातली ती अशी की सहा दिवस ती कठोर शक्तींच्या वेढ्यात असते, शुक्रवारी रात्री त्यांच्यापासून सुटते आणि मुकुट घालून आपल्या प्रियकराशी एकरूप होते.

1492 साली स्पेनच्या राजाराणीनं ज्यूंना देशाबाहेर काढलं. त्या निर्वासितांची एक पिढी उस्मानी राज्यात, गालिलातल्या साफेद या डोंगरी गावात स्थिरावली. तिथे कब्बालाचे आचार्य मोशे कोर्दोव्हेरो होते. 1570 मध्ये इसाक लुरिया तिथे आले आणि दोनच वर्षांत वारले. शलोमो अल्काबेत्झही तिथलेच. शुक्रवारी ऊन उतरलं की ही मंडळी पांढरी वस्त्रं घालून गावाबाहेर शेतात जायची आणि मावळतीकडे तोंड करून वधूची वाट बघायची. अल्काबेत्झ यांनी या क्षणासाठी रचलेलं गीत आज जगभरच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरांत, दर शुक्रवारी गायलं जातं. शेवटच्या कडव्याला सगळे जण दाराकडे वळतात आणि वाकून तिला आत घेतात. दार उघडंच असतं, बाहेर कुणी दिसत नाही, तरी वाकतात. ज्यांचं घरदार एका हुकमानं गेलं होतं त्यांनी आपल्या देवालाही घर हरवलेली स्त्री मानलं आणि आठवड्यातून एकदा तिला घरी आणलं, याहून मोठं सांत्वन मला तरी माहीत नाही.

या कल्पनेत एक विचार दडलेला आहे आणि आजच्या घडीला तो मला सर्वांत मोठा वाटतो. झोहार म्हणतो, सहाही दिवसांना आशीर्वाद मिळतो तो सातव्या दिवसाकडून. आपण नेमकं उलटं धरून चाललो आहोत. सोमवारी पुन्हा जोमानं कामाला लागता यावं म्हणून रविवार, अशी आपली समजूत. कंपन्यांचे मनुष्यबळ विभागही हेच बोलतात: ताजेतवाने व्हा, म्हणजे काम चांगलं होईल. सुट्टीची किंमत कामाच्या मापानं एकदा मोजली की कामासाठी सुट्टी कापायलाही कुणाला संकोच वाटत नाही. तरुणांनी आठवड्याला 70 तास, मग 90 तास काम करावं, असं आपल्या देशातले मोठे उद्योगपती जाहीरपणे म्हणाले ते याच हिशेबानं. कब्बालानं विश्रांतीला राणी केलं आणि तिला या हिशेबातून बाहेर काढलं. ती येते आणि आपण तिच्यासाठी उठून उभं राहायचं. आठवडाभर मी किती राबलो, सुट्टी मिळवण्याइतकं केलं का, हा प्रश्नच तिच्यापुढे उरत नाही.

आता कमतरता. साफेदच्या त्या शेतात वधूला सामोरे गेलेले सगळे पुरुष होते. ज्यू गूढवादाचे थोर अभ्यासक गेर्शोम शोलेम यांनी गेल्या शतकात स्पष्ट लिहून ठेवलं की कब्बाला ही पुरुषांनी पुरुषांसाठी घडवलेली विद्या आहे, सूफींना राबिया ही संत स्त्री लाभली तशी तिला कुणी मिळाली नाही. नंतरच्या संशोधकांनी या निकालाला थोडी मुरड घातली. लुरियांचे शिष्य हाय्यिम व्हिताल यांच्या टिपणांत साफेदच्या फ्रान्सेसा सारा या दृष्टांत होणाऱ्या स्त्रीचा आदरानं उल्लेख आहे. तरीही एकंदर चित्र बदलत नाही. देवत्वात स्त्रीला सिंहासन मिळालं, अभ्यासाच्या ओसरीवर मात्र तिला जागा नव्हती.

म्हणून ही सगळी परंपरा म्हणजे पुरुषांचा कल्पनाविलास, तो टाकून द्यावा, असं म्हणणारे आहेत. मी त्यांच्याबरोबर नाही, कारण त्या बाईला प्रत्यक्ष विसावा कुणी दिला हे बघितलं तर उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडतं. ते सापडतं रुक्ष समजल्या गेलेल्या नियमांत. तालमूदच्या मुळाशी असलेल्या मिश्ना या नियमसंग्रहात शब्बाथला वर्ज्य अशा 39 कामांची यादी आहे. पेरणं, नांगरणं, कापणं, दळणं, चाळणं, मळणं, भाजणं, धुणं, पिंजणं, कातणं, विणणं, शिवणं, विस्तव पेटवणं, विस्तव विझवणं. ख्रिस्ती उपदेशकांनी शतकानुशतकं या यादीची कर्मठपणा म्हणून हेटाळणी केली. आता तीच यादी घरातल्या बाईच्या बाजूनं वाचून बघा. दळण, मळणं, भाजणं, धुणं, शिवण, चूल: यादीतली किती कामं तिची आहेत! सूर्यास्ताच्या आधी, आजच्या प्रथेप्रमाणे बहुतेक ठिकाणी 18 मिनिटं आधी, ती दिवे लावते आणि त्यानंतर पंचवीसेक तास त्या घरात चूल नव्यानं पेटत नाही. कालवण आदल्या दिवशीच मंद आचेवर चढवून ठेवलेलं असतं, तेच दुसऱ्या दिवशी दुपारी वाढायचं. गरम पोळी हवी, असं त्या दिवशी घरातल्या कर्त्या पुरुषालाही म्हणता येत नाही, कारण नाही म्हणणारी बायको नसते, धर्मशास्त्र असतं.

शुक्रवारची दमछाक यानं संपत नाही, आणि वाढणं-आवरणं शनिवारीही तिच्याचकडे राहिलं हे खरं. पण राणीच्या गाण्यानं जे झालं नसतं ते विस्तवावरच्या बंदीनं झालं. पूर्व युरोपातल्या ज्यू बायकांच्या यिडिश भाषेतल्या प्रार्थनांत हा क्षण फार सुंदर आला आहे. दिवे लावणारी बाई देवाला म्हणते, यरुशलेमच्या मंदिरात महायाजक दिवे लावायचा तसं माझं हे लावणं मानून घे. पंधरा कामं हातावेगळी करून आलेली बाई त्या एका क्षणी स्वतःला महायाजकाच्या जागी उभी करते आणि मग थांबते.

या थांबण्याचं एक उदाहरण आपल्या कोकणात आहे. अलिबाग-नवगावच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचा पूर्वीचा धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी त्यांचा घाणा बंद. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटलं ते त्यावरून. त्यांच्यापाशी कब्बालाच्या पोथ्या नव्हत्या, बराच काळ बाहेरच्या ज्यू जगाशी संबंधही नव्हता. पण बायबलमधल्या 'अनुवाद' या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायातली आज्ञा त्यांनी आचरणातून जपली. तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि तुझ्या वेशीआतला परका, कुणीही काम करायचं नाही, अशी ती आज्ञा आहे. मराठीत ज्याच्या नावानं आपण न संपणाऱ्या राबण्याविषयी बोलतो तो घाण्याचा बैल त्यांच्या दारी दर शनिवारी मोकळा असे. त्या आज्ञेत कारणही दिलं आहे: तुझ्याप्रमाणे तुझ्या दासादासींनाही विसावा मिळावा, कारण तूही मिसर देशात दास होतास. यादीत बायकोचा उल्लेख नाही. 'तू' मध्ये ती आलीच, असं भाष्यकार सांगतात. मला हे पटतं, पण मग ते पूर्णपणे खरं करून दाखवावं लागेल.

ख्रिस्ती बाजूला गोष्ट वेगळ्या वळणानं गेली. बायबलच्या नव्या करारातल्या 'इब्री लोकांस पत्र' यात देवाच्या लोकांसाठी शब्बाथचा विसावा अजून राहिला आहे असं म्हटलं आहे, आणि तो विसावा हळूहळू वारातून निघून अंतःकरणात गेला. तुझ्यात विसावेपर्यंत आमचं मन अस्वस्थच राहतं, असं संत ऑगस्टीन म्हणाले. इसवी सन 321 मध्ये कॉन्स्टन्टाइन बादशहानं रविवारी न्यायालयं आणि शहरातले कारागीर बंद ठेवण्याचा हुकूम काढला, पण शेतकऱ्यांना त्यातून वगळलं, हंगाम हातचा जाऊ नये म्हणून. बैल आणि दासी यांच्यापासून सुरू झालेली विश्रांती इथे शेताच्या बांधाशी थबकली.

पण अंतर्मुख झालेल्या या विसाव्याला स्त्रीचं रूप देणाऱ्या ख्रिस्ती परंपरेत स्वतः स्त्रिया बोलल्या आणि लिहित्या झाल्या. हे कब्बालात घडलं नाही. कॅथलिक बायबलात असलेल्या सिराखच्या ग्रंथात प्रज्ञा स्त्रीरूपानं बोलते: मी सगळीकडे विसावा शोधला, आणि प्रिय नगरीत मला तो मिळाला. इथे देवाची प्रज्ञाच थकून जागा शोधते आहे. स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेसानं शांतीच्या प्रार्थनेतल्या जिवाला आईच्या अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाची उपमा दिली. आणि इंग्लंडमधल्या नॉरिच गावची ज्युलियन. ती साधारण सहा वर्षांची होती तेव्हा प्लेगनं त्या शहराचा घास घेतला. मे 1373 मध्ये, तिशी ओलांडताना, मरणाच्या दारात असताना तिला सोळा दर्शनं झाली. त्यात तिला हेझलनटच्या दाण्याएवढी, तळहातावर मावणारी एक गोल वस्तू दिसली. हे काय, असं तिनं विचारलं, तर उत्तर आलं, घडलेलं सगळं जग. पुढे ती लिहिते की इतक्या इवल्या गोष्टींत आपण विसावा शोधतो म्हणून आपल्याला चैन पडत नाही, खरा विसावा देव स्वतः आहे. आणि त्या देवाविषयी ती म्हणते, जितक्या खरेपणानं तो आपला पिता आहे तितक्याच खरेपणानं तो आपली आई आहे. विठोबाला माउली म्हणणाऱ्या भाषेत हे वाक्य परकं वाटत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही ख्रिस्ताला माउली म्हणूनच हाक मारली.

ज्युलियन नॉरिचच्या एका चर्चला लागून असलेल्या कोठडीत पुढचं आयुष्य कोंडून घेऊन राहिली, चिंतन आणि प्रार्थना करत. तिच्याविषयी बाहेरचे पुरावे फार थोडे, त्यातले काही म्हणजे मृत्युपत्रं. 1404 च्या एका मृत्युपत्रात ज्युलियनला 12 पेनी ठेवले आहेत आणि तिच्याबरोबर राहणाऱ्या साराला 8. 1415 च्या दुसऱ्या एका मृत्युपत्रात तिची तेव्हाची मोलकरीण आणि आधीची मोलकरीण अॅलिस या दोघींची आठवण ठेवली आहे. म्हणजे ज्या खिडकीमागे देव आई असल्याचं उमगत होतं तिथे पाणी आणणं, रांधणं, घाण बाहेर नेणं हे सारा आणि अॅलिसचे हात करत होते. ज्युलियनविषयी मला अपार आदर आहे. तिनं जे लिहिलं त्यानं माझ्या मनाला कठीण काळात आधार दिला आहे. म्हणूनच सारा आणि अॅलिस यांची नावं तिच्या नावाशेजारी घ्यायला हवीत असं वाटतं. आईची सेवा सगळ्यात जवळची, तत्पर आणि खात्रीची असते, असं ज्युलियन म्हणते. देवाच्या बाबतीत हे म्हणणं धीर देणारं आहे. घरातल्या आईकडे मात्र याच शब्दांनी बोट दाखवलं की तिची सुट्टी कायमची जाते. अंतःकरणातल्या विसाव्याला बाहेर वार नसेल, चुलीला कुलूप नसेल, तर तो ज्यांच्या वाट्याला मोलकरीण आहे त्यांनाच परवडतो.

हे सगळं आजच्या सार्वजनिक प्रश्नाशी जोडलेलं आहे. जर्मनीच्या 1919 च्या वायमार राज्यघटनेत रविवार हा कामातून विश्रांतीचा आणि आत्मिक उन्नतीचा दिवस म्हणून राखून ठेवला होता. ते कलम आजच्या घटनेतही कायम आहे. बर्लिननं नाताळाआधीच्या चारही रविवारी दुकानं उघडी ठेवायला परवानगी दिली तेव्हा चर्चेस न्यायालयात गेली, आणि 1 डिसेंबर 2009 रोजी तिथल्या घटना न्यायालयानं ती तरतूद रद्द ठरवली. मला हा निकाल बरोबर वाटतो. सगळ्यांचा मिळून एक वार असणं ही वेगळी संपत्ती आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं दुकानं वर्षाचे 365 दिवस उघडी ठेवायला मुभा दिली आणि प्रत्येक कामगाराला आळीपाळीनं सलग 24 तासांची साप्ताहिक सुट्टी ठेवली. कागदावर कुणाचंच नुकसान नाही. पण मॉलमधल्या मुलीचा वीकली ऑफ बुधवारी, नवऱ्याचा शुक्रवारी आणि मुलांची शाळा रविवारी बंद, अशा घरात विसावा एकत्र कधी येणार? 2025 साली राज्य मंत्रिमंडळानं दुकानांतला दिवस 9 वरून 10 तासांचा आणि कारखान्यांतला 12 तासांपर्यंत करायला मंजुरी दिली. हे त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे.

एकच वार सगळ्यांवर लादला तर अल्पसंख्याकांवर अन्याय होतो, हा आक्षेप खोटा नाही. शनिवार पाळणाऱ्या फिलाडेल्फियाच्या ज्यू दुकानदारांना रविवारीही दुकान बंद ठेवणं भाग पडलं, ते 1961 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. तिथे त्यांना सवलत मिळायला हवी होती. सवलत देऊनही समान वार राखता येतो, इस्राएलच्या 1951 च्या कायद्यात बिगरज्यूंना आपला वार निवडायची सोय आहे. आपला रविवारही कुणी फुकट दिलेला नाही. 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून मिळवला. त्या वर्षी एप्रिलमध्ये भरलेल्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन गिरणी कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या.

त्या स्त्रियांच्या पणतींना रविवार मिळाला का? 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, पुरुष 88. आपला रविवार तर उलट चुलीचा वार आहे: सकाळी पोहे, दुपारी मटण किंवा मासे, पाहुणे, साठलेले कपडे. त्या दिवशी घरकामाची बाई आली नाही की घरात चिडचिड होते, आणि आली तर तिचं स्वतःचं घर तिच्याविना राहतं. तिची सुट्टी बहुतेक घरांत मालकिणीच्या मर्जीवर असते, म्हणजे एका थकलेल्या बाईचा विसावा दुसऱ्या थकलेल्या बाईच्या हातात.

कायदा व्हायला हवाच, पण त्याआधीही बरंच काही आपल्या हातात आहे. गृहनिर्माण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत लिफ्ट आणि पार्किंगवर ठराव होतात, तसाच ठराव करता येतो की इमारतीत कामाला येणाऱ्या सगळ्या बायकांना आठवड्याचा एक ठरलेला वार पगारी सुट्टी राहील, आणि ती कुठल्याही घराच्या मर्जीवर अवलंबून नसेल. त्याच वारी घरात चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं शिळंपाकं सगळ्यांनी मिळून खायचं, आणि ते आदल्या दिवशी रांधायला घरातल्या पुरुषांनी उभं राहायचं. भांडी दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहिली तरी चालतील.